फ्लेक्काचं दुसरं पुस्तक

आमच्या गावात दोन गोष्टींवर चारचौघांत बोलत नाहीत. निवडणुकीत कुणी कुणाला मत दिलं, ही एक. आणि फ्लेक्का शेवटी डोंगरावरून खाली आली की नाही, ही दुसरी. पहिलीवर बोलत नाहीत कारण ती सगळ्यांना माहीतच असते. दुसरीवर बोलत नाहीत कारण मागे एकदा बोलले होते, आणि दोन घरांमधलं येणंजाणं बंद पडलं.

फ्लेक्का म्हणजे मेंढी. ठिपक्याठिपक्यांची, आणि पुस्तकातली. माझी सासू स्टेनव्होर हिने तिची गोष्ट लिहिली आणि सासरा कोल्बेन याने चित्रं काढली, त्याला आता तीसेक वर्षं झाली. कोल्बेन बंदरात बोटी रंगवायचा. पुस्तकातला डोंगर ज्या निळ्या रंगाचा आहे, त्याच रंगाच्या बोटी तेव्हा आमच्या बंदरात उभ्या असत, आणि हा योगायोग आहे असं कोल्बेन बोटींच्या मालकांना शेवटपर्यंत सांगत राहिला.

गोष्ट साधी आहे. उन्हाळाभर डोंगरावर मोकाट सोडलेल्या मेंढ्या शेतकरी थंडीच्या तोंडावर हाकून खाली आणतात. सगळ्या येतात, फ्लेक्का येत नाही. ती खडकामागे लपते. तिला हाका मारतात, कुत्रा पाठवतात, शिव्या देतात (पुस्तकात फक्त तोंडं दिसतात), तेवढ्यात बर्फ पडायला लागतो. शेवटच्या पानावर तो भलामोठा निळा डोंगर, माथ्यावर एक ठिपका, आणि पार पायथ्याशी एका घराची पिवळी खिडकी. खाली एकच ओळ : ‘खिडकीत दिवा आहे.’ संपलं.

हे पुस्तक नाही असं घर आइसलंडात नाही, आणि शेवटचं पान मिटल्यावर ‘मग ती आली का?’ असं न विचारलेलं पोरही नाही. ज्यांना आईबापांनी ‘आली’ म्हणून सांगितलं ती मोठी होऊन बँकेत लागली, ज्यांना ‘नाही आली’ म्हणून सांगितलं ती नाटकात गेली. हे माझं निरीक्षण आहे, शास्त्र नव्हे. स्टेनव्होरला लोक रस्त्यात गाठून विचारत. ती म्हणे, “मला काय ठाऊक? मी खालीच होते.”

आणि मग ऐंशीला टेकल्यावर तिने दुसरं पुस्तक लिहिलं.

चित्रं काढायला कोल्बेन उरला नव्हता. ती काढली वेदीसने. वेदीस ही त्या दोघांची मुलगी आणि माझी बायको. ती रस्ते खात्यात नकाशे काढते : वळणं, कठडे, रस्त्याखालून पाणी जायच्या मोऱ्या. आमच्या जिल्ह्यातली एकही मोरी तिच्या हाताखालून गेल्याशिवाय रस्त्याखालून गेलेली नाही. पुस्तकासाठी तीन हिवाळे तिने जेवणाचं टेबल अडवलं आणि आम्ही मांडीवर ताटल्या घेऊन जेवलो.

“एक सांगून ठेवते हाव्लिदी,” छापायला पाठवलं त्या दिवशी ती मला म्हणाली. “हे पडलं ना, तर मी आपली मोऱ्या काढीन, आणि या घरात कुणी ब्रशचं नाव काढायचं नाही.”

“पडायचं काय त्यात? तुझी चित्रं तुझी, कोल्बेनची कोल्बेनची. तुलना कोण करतंय?”

“देश,” वेदीस म्हणाली.

देश लहान आहे, पण तुलना करायला पुरेसा आहे.

माझी भीती वेगळी होती. मोऱ्या काढणारी वेदीस मी वीस वर्षं पाहिली आहे. चांगली बाई आहे. संध्याकाळी घरी येते, बूट काढते आणि विचारते, “आज काय करायचं जेवायला?” चित्रं काढणारी वेदीस जेवण विसरते आणि भर अंघोळीतून ओरडते, “अरे, मेंढीला भुवया असतात का?” मला ही दुसरी हवी होती. भुवयांचं उत्तर मला देता आलं नाही, पण कुणी विचारलं याचाच आनंद झाला.

माझं मत तिने विचारलं नाही. “तुला माझं सूपसुद्धा आवडतं,” ती म्हणाली, आणि प्रकरण निकालात निघालं.

पुस्तक बाकीच्या सगळ्या पुस्तकांबरोबर नोव्हेंबरात आलं. आमच्याकडे वर्षभराची पुस्तकं एकदम, नाताळच्या तोंडावर येतात, पूर आल्यासारखी, आणि पूर ओसरेपर्यंत प्रत्येक माणूस समीक्षक असतो. दुसऱ्या पुस्तकात झालं होतं ते असं : गोष्ट त्या खिडकीच्या आतून सुरू होते. आत एक म्हातारी आहे. तिने दिवा लावलाय. ती वाट बघते. शेजारी येऊन सांगतात, येईल गं, भूक लागली की येईल. म्हातारी आणखी वाट बघते. मग ती लोकरीचे मोजे चढवते, दिवा उचलते आणि निघते. पुढची पानंच्या पानं काळी आहेत, रात्र आहे, डोंगर आहे, आणि त्या काळोखात कुठेतरी डाळीएवढा पिवळा उजेड. शेवटच्या पानावर तो उजेड माथ्यावर असतो. पायथ्याशी खिडकी काळी. खाली ओळ : ‘खिडकीत अंधार आहे.’

त्यामुळे झालं काय, की दोन्ही पक्ष नाराज झाले. ‘आली’वाले म्हणाले, म्हणजे ती नाहीच आली की! ‘नाही आली’वाले म्हणाले, एवढी स्वतंत्र मेंढी, तिच्यामागे शेवटी बाई पाठवलीच! रेडिओवर एका मानसशास्त्राच्या बाईने सांगितलं की अंधारी खिडकी बघून लहान मुलं झोपणार नाहीत. ती बाई स्वतः झोपली नसावी, आवाज तसा होता.

परीक्षणं आली. राजधानीतल्या एका वर्तमानपत्राने पाच तारे दिले. लिहिणारा स्टेनव्होरच्या मावसबहिणीचा नातू. दुसऱ्याने दोन दिले. लिहिणारी, कोल्बेनने लग्नाआधी जिला सोडलं त्या बाईची मुलगी. आमच्याकडे परीक्षण वाचून पुस्तक कळत नाही, नातं कळतं. वेदीसने दोन्ही वाचली, कात्रणं न करता रद्दीत टाकली आणि म्हणाली, “म्हणजे काहीच कळलं नाही.”

“पाच आणि दोन. सरासरी चांगली आहे.”

“हाव्लिदी.”

मी शाळेत भूगोल शिकवतो, गणित नव्हे.

शाळेआधी मी पोहायला जातो. म्हणजे पोहायचं असं काही नसतं. उघड्यावरच्या गरम पाण्याच्या हौदात गळ्यापर्यंत बसायचं आणि गावाचा कारभार बघायचा. त्या सकाळी हौदात दंतवैद्य त्रिग्वी होता आणि निवृत्त बाई बोथिल्दुर, जिने आम्हा सगळ्यांना वाचायला शिकवलं आणि अजून त्याचं श्रेय घेते. मी पाण्यात पाय घातला आणि बोलणं थांबलं.

“बर्फ येणार म्हणतात,” त्रिग्वी म्हणाला.

“आलाय,” मी म्हटलं. त्याच्या टकलावर बोटभर साचला होता.

बोथिल्दुर माझ्याजवळ सरकली.

“पुस्तक पाहिलं हं मी,” बोथिल्दुर म्हणाली.

“हो का?”

“कागद काय सुंदर आहे रे! जाड.”

“कागद जाड आहे,” त्रिग्वीने दुजोरा दिला. “आणि बांधणी.”

“बांधणी तर विचारूच नकोस.”

मी विचारलीच नव्हती. “आणि चित्रं?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्रिग्वीने हनुवटी पाण्यात घातली. पेशंटच्या तोंडात हात घालून प्रश्न विचारणारा माणूस, त्याला गप्प बसायची युक्ती माहीत असणारच.

“चित्रं वेगळी आहेत,” बोथिल्दुर म्हणाली.

“वेगळी म्हणजे?”

“वेगळी म्हणजे वेगळी. वाईट म्हणाले का मी? कोल्बेनचा तो निळा होता ना...”

“तो बोटींचा रंग होता. आता मिळत नाही.”

“तेच म्हणते मी. तसा निळा आता कुठून आणणार बिचारी!”

आमच्याकडे ‘वेगळं आहे’ हा मृत्युलेख असतो आणि ‘बिचारी’ हे त्यावर ठेवलेलं फूल.

“पण मी घेतलं हं!” त्रिग्वी एकदम पाण्यातून वर आला. “दोन्ही नातवंडांना. बहिणीकडे. दवाखान्यासाठी एक.”

“मी तर भाच्यांनासुद्धा,” बोथिल्दुर म्हणाली. “आपल्या गावचं पुस्तक आहे बाबा. दुकानात पडून राहिलं तर तोंड दाखवायला जागा नको.”

आणि तिथेच मला कळलं की गावाने काय घोळ घातलाय. पुस्तक आवडलं नाही तरी चालणार होतं. पुस्तक खपलं नाही हे चालणार नव्हतं. त्यामुळे प्रत्येकाने प्रत्येकाला नाताळची भेट म्हणून तेच पुस्तक घेऊन ठेवलं होतं. शेजाऱ्याने शेजाऱ्याला, आत्याने भाचीला, आणि भाचीच्या आईने परत आत्याच्या नातवाला. प्रकाशकाचा राजधानीतून फोन आला की तुमच्या जिल्ह्यात खप विलक्षण आहे. वेदीसने फोन ठेवला आणि म्हणाली, “कीव विकली जातेय.”

नाताळाआधीच्या रविवारी आम्ही नेहमीसारखे स्टेनव्होरच्या स्वयंपाकघरात पातळ भाकऱ्या कातरायला बसलो. लाटलेल्या पोळीवर चाकूने नक्षी कापायची आणि मग ती तुपात तळायची, असा तो प्रकार. स्टेनव्होर खिशातल्या चाकूने कापते. ती बर्फाच्या चांदण्या वगैरे कापत नाही, सरळ रेघा मारते आणि म्हणते की हा पाऊस आहे.

आमच्याकडे सगळेच एकमेकांना नावाने हाक मारतात. राष्ट्राध्यक्षालाही आणि सासूलाही. फक्त वेदीस तिला आई म्हणते.

“आई, खरं सांगशील?”

“विचार तर.”

“बाबांनी काढली असती तर कशी झाली असती?”

“उशिरा,” स्टेनव्होर म्हणाली. “तो मेलाय.”

“आई!”

“अगं मग काय सांगू? त्याने मेंढी काढली असती. त्याला मेंढीच यायची. म्हाताऱ्या बाया त्याने कधी काढल्या नाहीत, मला तर तो म्हातारी झालेलं बघायलाही थांबला नाही.” तिने पोळीवर आणखी एक पाऊस पाडला. “तीस वर्षं लोकांनी मला त्या मेंढीचं विचारून पिडलं. एकानेसुद्धा विचारलं नाही की तो दिवा लावला कुणी.”

“पण लोक म्हणतात पहिल्यासारखं नाही झालं.”

“पहिल्यासारखं? पहिलं आलं तेव्हा काय झालं माहितेय तुला? काही नाही झालं. दुकानदाराने तुझ्या बापाला विचारलं, कोल्बेन, ही मेंढी आहे का ढग? आठवडाभर तो घरात बोलला नाही. मला बरं गेलं.”

“हे तू आत्ता रचतेयस.”

“मी लेखिका आहे राणी, रचणं माझा धंदाच आहे. पण हे रचलेलं नाही.”

वेदीसचा विश्वास बसला नाही. तिने हातातली पोळी उचलली. तिने सवयीप्रमाणे त्यावर दोन समांतर रेघा आणि एक सुरेख वळण कापलं होतं. तळल्यावरही तो रस्ताच दिसत होता.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी देशभर पुस्तकं उघडली गेली आणि दुसऱ्या दिवशी देशभर धुरी दिलेलं मटण खाल्लं गेलं. फ्लेक्काची काळजी करत करत मटण खाण्यात आमच्या लोकांना कधी काही वावगं वाटलेलं नाही. आमच्या घरी लहान कुणी नाही, मुलगी मोठी झाली, दूर राहते. तेव्हा आत घराघरांत काय चाललंय हे कळायला मार्ग नव्हता. वेदीस खिडकीत उभी राहून समोरच्या घरांकडे बघत होती, पुलाचा खांब खचतोय का बघावं तशी.

नाताळनंतर दुकानं उघडतात तो दिवस आमच्याकडे खरा निवाड्याचा. भेट दिलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर दुकानाची चिकटपट्टी असते : नको असेल, किंवा दोन आली असतील, तर आणा आणि दुसरं घेऊन जा. समीक्षक नात्याला जागतात, हौदातले शेजाराला जागतात. चिकटपट्टी कुणाला जागत नाही. मला स्वतःला एकाच माजी मासेमारी मंत्र्याचं आत्मचरित्र तीन नातेवाइकांनी दिलं होतं. एकही ठेवायचा विचार नव्हता, पण सगळी परत करणं बरं दिसलं नसतं, म्हणून दोन घेऊन निघालो.

“मीही येते,” वेदीस म्हणाली. “गाडीत बसेन. आत येणार नाही.”

“बसून काय करणार?”

“काही नाही. बसेन.”

दीरलेवचं दुकान चर्चसमोर आहे. तिथे पुस्तकं मिळतात, लोकर मिळते, आणि दीरलेवची बोलणी फुकट मिळतात. मी गाडी समोर लावली. काचांवर वाफ धरली होती. वेदीसने बाहीने एक वाटोळं भोक पुसलं आणि त्याला डोळा लावला. रांग दारापर्यंत आली होती. त्या भोकातून मलाही दिसलं. प्रत्येकाच्या काखेत तेच पुस्तक. मोठं, चौकोनी, काळं. लांबून बघितलं तर गाव काळे पाट घेऊन जेवायला निघालंय असं वाटलं असतं.

वेदीसने हातमोजे घातले, गाडीत हीटर चालू असताना.

मी आत शिरलो आणि रांगेत कुजबुज थांबली. त्रिग्वीने पिशवी पाठीमागे नेली. बोथिल्दुरने पुस्तक पटकन कोटाच्या आत सारलं, त्यामुळे ती एकाएकी चौकोनी दिसायला लागली. “हवा बरी आहे,” ती म्हणाली. बाहेर वादळाचा इशारा होता.

“परत करायला आलात?” मी विचारलं. मला आवाज साधा ठेवायचा होता. तो नीट जमला नाही.

“जास्तीची रे!” त्रिग्वी म्हणाला. “फक्त जास्तीची. एक तर ठेवतोच आहोत.”

एक तर ठेवतोच आहोत. मी मनात ते वाक्य वेदीसला सांगून बघितलं आणि खाली ठेवलं.

तेवढ्यात टेबलापाशी आवाज चढला. पुढे खाडीपलीकडच्या शेतावरचा एक तरुण बाप उभा होता आणि दीरलेव त्याच्याकडे चष्म्यावरून बघत होती.

“हे परत घेता येणार नाही,” ती म्हणाली.

“का? चिकटपट्टी आहे की!”

“चिकटपट्टी आहे. पुस्तक वाचलेलं आहे.”

“छे गं! उघडलंसुद्धा नाही. आमच्याकडे आधीच दोन आहेत.”

पूर्वी पुस्तकांना प्लास्टिकचं वेष्टण असे, त्यामुळे असे वाद होत नसत. मग पर्यावरणासाठी ते गेलं, आणि तेव्हापासून दीरलेव प्रत्येक पुस्तक पोलिसासारखी झडती घेतल्याशिवाय सोडत नाही. तिने पुस्तक टेबलावर आडवं ठेवलं आणि हात काढून घेतला. पुस्तक आपोआप उघडलं. शेवटच्या पानावर. डोंगराच्या माथ्यावर, पिवळ्या उजेडावर नेमका, एक छोटा तपकिरी अंगठा उमटला होता.

“हे काय?”

बापाने वाकून बघितलं. “छपाईतलं असेल.”

दीरलेवने नाक जवळ नेलं. “चॉकलेट,” ती म्हणाली. “पुढे.”

पुढे बोथिल्दुर होती. तिने नाइलाजाने कोटाची बटणं काढली. “माझं कोरं आहे हं. मी स्वतः कपाटावर ठेवलं होतं. उंच.”

पुस्तक उघडलं. तेच पान, तीच जागा. इथे चॉकलेट नव्हतं, मटणाची चरबी होती, त्यातून दिवा पलीकडून दिसत होता.

“नातीने खुर्ची लावली वाटतं,” बोथिल्दुर खालच्या आवाजात म्हणाली.

“कपाटावर चढून? तुझी नात केवढी आहे?”

“चार वर्षांची. हुशार आहे.”

“पुढे!”

त्रिग्वीने पिशवीतून एक काढलं. अंगठा. दुसरं काढलं. अंगठा, आणि त्याच्यावर आडवा आणखी एक अंगठा.

“त्याचं असं आहे दीरलेव,” तो म्हणाला, “पोरं दोन. दिव्याला आधी बोट कुणी लावायचं यावरून मारामारी. म्हणून दुसरं उघडलं, एकेकाला एकेक.”

“मग मिटली ना मारामारी? दोन पोरं, दोन पुस्तकं. परत कशाला आणलीस?”

“दवाखान्याचं तिसरं आहे म्हणून.”

“ते आणायचं होतंस.”

“आणलंय.” त्याने तिसरं बाहेर काढलं. दीरलेवने ते टेबलावर ठेवलं, पुस्तक उघडलं, आणि सगळी रांग माना लांब करून बघायला लागली. हा अंगठा चांगला मोठा होता.

त्रिग्वीने चष्मा वर केला आणि बराच वेळ तो ठसा तपासला. “हा,” तो म्हणाला, “माझा असावा.”

रांगेत कुणीतरी खिदळलं. मग बोथिल्दुर हसली, मग तो तरुण बाप. दीरलेव हसली नाही; धंद्याचा प्रश्न होता.

“पण बोट लावायचं कशासाठी?” मी विचारलं. मी ते पुस्तक तीन हिवाळे मांडीवर ताटली घेऊन बघितलं होतं आणि मला कधी बोट लावावंसं वाटलं नव्हतं.

“तुला नाही माहीत?” त्रिग्वीला खरंच आश्चर्य वाटलं. “अरे, प्रत्येक पानावर तो दिवा शोधायचा असतो. काळोखात कुठे आहे ते. आधी खाली, मग खडकाकडे, मग तो मध्येच दिसेनासा होतो, तिथे तर आमची धाकटी श्वास रोखून बसते. आणि शेवटच्या पानावर तो वर गेला की ओरडायचं, ‘पोचली!’ आणि बोट ठेवायचं. मग परत पहिल्यापासून.”

“आमच्याकडे ‘सापडली’ म्हणतात,” शेतावरचा बाप म्हणाला.

“पोचली.”

“सापडली रे. मेंढी सापडली.”

“म्हातारी पोचली!”

“आणि भीती?” मी मध्ये पडलो, नाहीतर गावात आणखी दोन घरं बोलायची थांबली असती. “ती खिडकी? अंधारी?”

“कुठली खिडकी?” त्रिग्वीने पान परत बघितलं. “हां, ती. तिथे कोण बघतंय? दिवा वर आहे की.”

“आणि तो निळा?” हे मी बोथिल्दुरकडे बघून म्हटलं.

“कुठला निळा?” बोथिल्दुर म्हणाली. मग तिला आठवलं, आणि तिने कोटाची बटणं फार काळजीपूर्वक लावली.

माझा जीव भांड्यात पडला. आवाज झाला नाही, पण मला त्याचं वजन कळलं. नोव्हेंबरपासून तो कुठे अधांतरी लटकत होता कुणास ठाऊक.

“हसताय काय!” दीरलेव कडाडली. “सकाळपासून ढीगभर आली आणि परत ठेवावी अशी एक नाही. आणि वर दोन बायका विकत मागून गेल्या, त्यांना द्यायला कोरी प्रत शिल्लक नाही. आणि तू रे हाव्लिदी, तुझं काय?”

मी माजी मंत्री टेबलावर ठेवले. दीरलेवने ते उघडून बघायची तसदीही घेतली नाही. “हे कोरंच असणार,” ती म्हणाली. “याच्या बदल्यात काय देऊ?”

मी शेतावरच्या बापाच्या हातातल्या पुस्तकाकडे बोट दाखवलं. “ते.”

“ते? ते खराब आहे.”

“म्हणूनच.”

दीरलेवने माझ्याकडे बघितलं, मग काचेतून बाहेर आमच्या गाडीकडे, तिथल्या पुसलेल्या वाटोळ्या भोकाकडे. एक मंत्री तिने शेतावरच्या बापाला दिला, दुसरा कपाटात सरकवला आणि पुस्तक माझ्या हातात ठेवलं.

गाडीत वेदीस तशीच बसली होती. हातमोजे घालून.

“सगळे ते घेऊन आत गेले,” ती म्हणाली.

“हो.”

“आणि बाहेर येणारेही ते घेऊनच येतायत. दीरलेवलासुद्धा नकोय?”

“दीरलेव घेत नाही. नियमात बसत नाही. बघ.”

मी पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं. ते उघडलं. वेदीसने अंगठा बघितला, पान वाकवून उजेडात धरून बघितला. मी त्रिग्वीचं सांगितलं, नातीच्या खुर्चीचं सांगितलं, ‘पोचली’ आणि ‘सापडली’चं सांगितलं. खिडकीकडे कुणी बघत नाही हेही सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग एक हातमोजा काढला आणि पान दाबून, पुस्तकाच्या मधल्या शिवणीवरून नख फिरवलं.

“सगळ्याच पुस्तकांवर? इथेच?”

“इथेच.”

“मग चुकलंय.”

माझा भांड्यात पडलेला जीव तिथल्या तिथे उभा राहिला. “काय चुकलंय?”

“दिवा शिवणीच्या फार जवळ घेतलाय मी. इतकी बोटं लागणार असतील तर पान इथे तुटणार. पुढच्या छपाईत अंगठाभर उजवीकडे सरकवायला हवा. आणि मग खडकही सरकवावा लागेल, नाहीतर तोल जाईल.” ती थांबली. “बाबांनी ठिपका कुठे घेतला होता रे? पानाच्या कडेला ना? लबाड माणूस. त्याला माहीत होतं.”

“विचारतेस का स्टेनव्होरला?”

“नको, ती रचून सांगेल. दीरलेवकडे पेन्सिल असेल?”

“असेल. पण आज ती आपल्याला देणार नाही. चिडलीय.”

वेदीस तोवर उतरली होती. पुस्तक उघडंच हातात धरून ती रस्ता ओलांडून गेली, डावी-उजवीकडे न बघता, आणि रस्ते खात्यातली बाई असं कधी करत नाही. बराच वेळ ती परत आली नाही. पुसलेल्या भोकातून मला दिसत होतं : त्रिग्वीने तिन्ही पुस्तकं टेबलावर ओळीने मांडली होती, बोथिल्दुर परत बटणं काढत होती, आणि वेदीस प्रत्येक पानावर वाकून बोटाने काहीतरी मोजत होती. ती त्यांना काहीतरी विचारत होती आणि ते सगळे एकदम बोलत होते.

मी गाडी बंद केली आणि आत गेलो. बाहेर गारठा वाढत होता, आणि आत घाई कुणालाच नव्हती.